अभयारण्य आणि शेजारची गावे : बोरच्या अनुभवाचा अभ्यास

वर्धा शहराला अगदी लागून असलेल्या सिंदी मेघे या गावातून पाहिले असता जंगल कोठेही दृष्टीस पडत नाही. शहराची वस्ती गावाच्या शिवारात केव्हाच शिरली आहे. जनगणनेत या गावाची गणना नागरी वस्तीत होते. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे. येथील नोकरदार, दुकानदार, शिक्षक आणि विद्यार्थी यांना बोर अभयारण्याचे नाव ठाऊक असते ते मुख्यतः सहलीचे ठिकाण म्हणून. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघावे, सेलू-हिंगणी मार्गाने बोरधरण गाठावे, जलाशय पाहावा, नशिबात असल्यास वाघाचे दर्शन घ्यावे आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावे, असा तो संबंध आहे.

त्याच संध्याकाळी अभयारण्याच्या सीमेवरील गावातील शेतकरी हातात काठी आणि विजेरी घेऊन जागलीला निघालेला असतो. शेतात हरभरा उभा असतो आणि रात्रीतून रानडुकरांचा कळप आला तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. वाघ त्यालाही दिसतो. पण तो पाहण्यासाठी त्याने तिकीट काढलेले नसते.

ही दोन माणसे एकाच जिल्ह्याची रहिवासी आहेत आणि त्यांच्यामध्ये फार तर चाळीस किलोमीटरचे अंतर आहे. राखलेल्या वनाचा लाभ सर्वांना थोडा थोडा मिळतो. त्याचा भार मात्र थोड्या गावांवर एकवटतो. संरक्षित क्षेत्रे आणि लोक यांच्या संबंधातील बहुतेक प्रश्नांचे मूळ या विषम वाटणीत आहे. ही वाटणी न्याय्य करण्याची काही साधने कायद्याने ग्रामसभेच्या हाती दिली आहेत. ती कोणती आणि त्यांचा उपयोग कसा करता येईल, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या तिघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

संरक्षित क्षेत्र म्हणजे काय?

सामान्य बोलण्यात ‘अभयारण्य’, ‘राष्ट्रीय उद्यान’ आणि ‘व्याघ्र प्रकल्प’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाचा फरक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्य घोषित करताना तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करावयाची असते. चौकशीअंती मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून काही हक्क अभयारण्याच्या हद्दीतही पुढे चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकारी देऊ शकतात. राष्ट्रीय उद्यानात निर्बंध अधिक कडक असतात आणि तेथे गुरांच्या चराईस मनाई असते. व्याघ्र प्रकल्पाची तरतूद २००६ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. त्याचे दोन भाग असतात. आतील गाभा क्षेत्र वाघांसाठी अबाधित राखावयाचे असते. भोवतालचे बाह्य क्षेत्र, ज्याला व्यवहारात ‘बफर’ म्हणतात, हे माणूस आणि वन्यप्राणी यांनी एकत्र नांदण्याचे क्षेत्र होय.

निसर्ग राखावयाचा तर तेथून माणूस दूर केला पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली. अमेरिकेतील यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळ रहिवाशांना पुढे तेथे थारा राहिला नाही. भारतातील वने मात्र निर्मनुष्य कधीच नव्हती. गुरे चारणे, मोहफुले व तेंदूपाने वेचणे, सरपण आणणे आणि वनातील देवस्थानाला वर्षातून एकदा जाणे हे वनालगतच्या जीवनाचे अविभाज्य अंग आहे. बाहेरची कल्पना या भूमीवर लागू करताना जी ओढाताण झाली, ती आजही पूर्णपणे संपलेली नाही.

बोरची वाढ

बोर नदीवरील धरण १९६० च्या दशकात पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी सेलू तालुक्यातील शेतीला पाणी मिळू लागले. धरणाच्या परिसरातील ६१.१० चौरस किलोमीटर वनक्षेत्र १९७० मध्ये, म्हणजे वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा होण्यापूर्वीच, अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. सागवान, तेंदू, धावडा आणि बांबू यांच्या या वनात वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे, सांबर, चितळ आणि रोही हे प्राणी आढळतात. पुढे लगतचे वनक्षेत्र जोडण्यात येऊन २०१४ मध्ये १३८.१२ चौरस किलोमीटरचा बोर व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तो देशातील ४७ वा व्याघ्र प्रकल्प होय. त्यानंतर बफर क्षेत्राची भर पडून प्रकल्पाचे एकूण क्षेत्र ८०० चौरस किलोमीटरहून अधिक झाले आहे.

गाभा क्षेत्राच्या लहान आकाराचा लोकांच्या जीवनाशी निकटचा संबंध आहे. एक साधे गणित केले तर तो स्पष्ट होतो. बारा किलोमीटर बाजूचा चौरस घेतला तर त्याचे क्षेत्रफळ १४४ चौरस किलोमीटर आणि परिमिती ४८ किलोमीटर भरते. म्हणजे प्रत्येक तीन चौरस किलोमीटर वनामागे एक किलोमीटर सीमा येते. चाळीस किलोमीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १,६०० चौरस किलोमीटर आणि परिमिती १६० किलोमीटर होते. तेथे एक किलोमीटर सीमेमागे दहा चौरस किलोमीटर वन असते. प्रत्यक्षातील वनांच्या सीमा वेड्यावाकड्या असल्याने त्यांची लांबी याहून अधिक असते. वन जितके लहान, तितकी त्याच्या प्रमाणात सीमा मोठी; आणि सीमा म्हणजेच शेत व जंगल यांची गाठ पडण्याची जागा. लहान वनात वाढलेल्या वाघाच्या बछड्यांना मोठे झाल्यावर स्वतःचे क्षेत्र शोधण्यासाठी बाहेर पडावे लागते. म्हणून बोरचा वाघ केवळ बोरचा राहत नाही. तो शेतशिवारे आणि रस्ते ओलांडून नागपूर, अमरावती, चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनांच्या दिशेने जातो. अभयारण्याच्या सीमेवर नसलेल्या गावांनाही या प्रश्नाशी परिचय करून घ्यावा लागतो तो यामुळेच.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही महाराष्ट्रात घडले आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित करण्यात आले. त्यात खाजगी शेतजमिनी आणि वस्तीची गावेही समाविष्ट झाली. जमिनीचे व्यवहार व विकासाची कामे यांवरील निर्बंधांमुळे लोकांमध्ये असंतोष वाढला. पुढे सीमांची फेरआखणी होऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यानच्या काळात माळढोकची संख्या मात्र घटतच गेली. नकाशावर रेषा मोठी काढली म्हणून संरक्षण मोठे होत नाही आणि रेषेच्या आत राहणाऱ्यांचा विश्वास गमावला तर पक्षीही टिकत नाही, हा त्या अनुभवाचा बोध आहे.

भार कोणता आणि कोणावर?

अभयारण्याच्या शेजाराचा पहिला भार पिकांवर पडतो. रानडुक्कर, रोही आणि चितळ हे प्राणी हरभरा, तूर, सोयाबीन व गहू यांचे नुकसान करतात. पंचनाम्यात किती गुंठे पीक गेले याची नोंद होते. रात्रीच्या जागरणाची नोंद मात्र कोठेही होत नाही. हंगामात घरातील एक कर्ता माणूस रात्रभर शेतात थांबतो आणि दिवसा त्याच्या हातून पुरेसे काम होत नाही. जंगलाच्या कडेची जमीन कसणे परवडत नाही म्हणून काही जण ती पडीत ठेवतात. नुकसानभरपाई मिळते ती उभ्या पिकाच्या नाशाबद्दल. न पेरलेल्या पिकाबद्दल मिळत नाही.

दुसरा भार पशुधनावर पडतो. वाघ किंवा बिबट्याने बैल मारला तर ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याची जोडी मोडते. भरपाई कालांतराने हाती येते. पेरणीची वेळ मात्र टळून गेलेली असते.

तिसरा भार वनातून मिळणाऱ्या वस्तूंवरील निर्बंधांचा आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वाळलेली व पडलेली झाडे तसेच गवत काढून नेण्यास सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये मनाई केली. या मनाईचा उद्देश वनाचे रक्षण हाच होता. तथापि, वनातून मोळी आणणाऱ्या स्त्रीला त्यानंतर सरपणासाठी दुसरी वाट शोधावी लागली. ती वाट बहुधा अधिक लांबची किंवा अधिक खर्चाची असते.

चौथा आणि सर्वांत जड भार मनुष्यहानीचा होय. राज्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना द्यावयाची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढून २५ लाख रुपयांपर्यंत आली आहे. ही वाढ निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु घरातील माणूस गेल्याची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही आणि ज्या गावात असा प्रसंग घडतो, तेथील लोक महिनोन्‌महिने एकट्याने शेतात जाण्यास धजत नाहीत.

गवळाऊ आणि गवताचा प्रश्न

चराईवरील निर्बंधांचा परिणाम वर्धा जिल्ह्याच्या एका मोलाच्या ठेव्यावरही होतो. गवळाऊ ही गोवंशाची जात मुख्यतः आर्वी व कारंजा या तालुक्यांची आणि त्यांच्या परिसराची. पांढऱ्या किंवा फिकट करड्या रंगाची, सडपातळ बांध्याची आणि उन्हाळा सोसणारी ही गुरे चपळ चालीसाठी नावाजलेली आहेत. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात वर्ध्यात गोसेवेचे कार्य हाती घेतले तेव्हा गवळाऊ जातीच्या सुधारणेला त्यात विशेष स्थान होते. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे शासनाने या जातीचे पैदास केंद्रही चालविले.

हा वंश नंद गवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासला तो गोठ्यात बांधून नव्हे, तर वनातील व पडीत जमिनीवरील चराईच्या बळावर. चराईची वनक्षेत्रे एकामागून एक बंद होत गेली आणि गावातील गायरानेही आक्रसली, तेव्हा कळप लहान करण्यावाचून या कुटुंबांपुढे पर्याय राहिला नाही. विकत घेतलेल्या चाऱ्यावर गवळाऊ गाय पाळणे परवडत नाही, कारण अधिक दूध देणाऱ्या संकरित गायीशी तिची या बाबतीत बरोबरी होत नाही. तिचे खरे बळ कमी खर्चात, कोरडवाहू मुलखात टिकून राहण्यात आहे आणि ते चराईवाचून उपयोगी पडत नाही.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. वन विभागाचे म्हणणे असे की, अतिरिक्त चराईमुळे रोपे टिकत नाहीत, तृणभक्षी वन्यप्राण्यांचे खाद्य घटते आणि गुरांचे रोग वन्यप्राण्यांत पसरतात. हे म्हणणे निराधार नाही. त्याच कारणास्तव अभयारण्यातील तसेच त्याच्या सीमेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गुरांचे लसीकरण करण्याची तरतूद कायद्यात आहे. गवळ्यांचे म्हणणे असे की, कळपाला कोणते रान केव्हा विश्रांतीसाठी सोडावे हे त्यांना वडिलोपार्जित अनुभवाने ठाऊक आहे आणि सरसकट बंदीने हे ज्ञान व्यर्थ ठरते. हेही खरे आहे. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या ऋतूत आणि किती गुरे, या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामसभा व वन विभाग यांनी एकत्र बसून शोधली तर पुष्कळसा वाद मिटू शकतो. वाघासाठी राखलेल्या गाभ्यात चराई नको हे मान्य करूनही, बफर क्षेत्रात गवताच्या कुरणांचा विकास करणे शक्य आहे.

एका वाघिणीचा धडा

२०१७ साली घडलेली एक घटना या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करते. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर हल्ले करणाऱ्या एका तरुण वाघिणीला जुलै महिन्यात पकडण्यात आले आणि गळ्यात रेडिओ पट्टा बांधून बोरच्या वनात सोडण्यात आले. ती तेथे स्थिरावली नाही. शेतशिवारांतून तिने शेकडो किलोमीटरची भटकंती केली. या काळात पुन्हा मनुष्यहानी झाली आणि लोकांत घबराट पसरली. तिला ठार मारण्याच्या आदेशाचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. अखेर ऑक्टोबर महिन्यात वर्धा जिल्ह्यातील सिंदीविहिरीच्या शिवारात, पिकाच्या रक्षणासाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मरण पावली.

या घटनेत कोणा एकाला दोषी ठरवून विषय संपत नाही. एका भागातील प्रश्न दुसऱ्या भागात हलविला गेला आणि ज्या गावांच्या उंबऱ्यावर तो येणार होता, त्या गावांची त्यासाठी तयारी झालेली नव्हती. कुंपणातील ती तार वाघिणीसाठी लावलेली नव्हती. डुकरे व रोही यांच्यापासून पीक वाचविण्याचा तो बेकायदेशीर आणि अत्यंत धोकादायक मार्ग होता. अशा तारांनी शेतकरी आणि शेतमजूर यांचेही प्राण घेतले आहेत. पिकाचे रक्षण करण्याचा सुरक्षित मार्ग वेळेवर उपलब्ध झाला नाही, तर वाघ वाचविण्यासाठी केलेला सर्व खर्च एका तारेपाशी वाया जाऊ शकतो. सौर ऊर्जेच्या कुंपणाचा धक्का क्षणिक असतो आणि तो प्राणघातक नसतो. अशा कुंपणाला अनुदान देणे हे शेतकऱ्याच्या हिताइतकेच वाघाच्याही हिताचे आहे.

पुनर्वसन : संमती आणि त्यानंतर

गाभा क्षेत्रातील गावांपुढे स्थलांतराचा प्रश्न येतो. बोरच्या गाभा क्षेत्रात असलेल्या नवरगाव या गावाचे पुनर्वसन करण्यात आले. अशा पुनर्वसनासाठी प्रत्येक कुटुंबामागे १० लाख रुपयांचा मोबदला २००८ पासून लागू झाला आणि २०२१ मध्ये तो १५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. कुटुंबाला दोन पर्याय असतात : संपूर्ण रक्कम घेऊन स्वतःची व्यवस्था स्वतः करणे, किंवा जमीन, घर आणि सामूहिक सोयी यांसह शासनामार्फत पुनर्वसन स्वीकारणे. अठरा वर्षांवरील मुलगा, अविवाहित सज्ञान मुलगी, विधवा किंवा परित्यक्ता स्त्री आणि अपंग व्यक्ती यांची गणना स्वतंत्र कुटुंब म्हणून होते. यादी तयार होत असताना ही बाब माहीत नसली तर पात्र व्यक्ती वगळली जाण्याचा संभव असतो. म्हणून यादीचे वाचन ग्रामसभेत झाले पाहिजे.

कायद्याप्रमाणे हे स्थलांतर ऐच्छिक असावे लागते. त्यापूर्वी लोकांच्या वनहक्कांची निश्चिती झालेली असली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पूर्ण माहितीनिशी व दबावाविना मिळालेली असली पाहिजे. अनेक कुटुंबे स्वेच्छेने बाहेर पडू इच्छितात, हेही लक्षात घेतले पाहिजे. पावसाळ्यात रस्ता तुटणे, दवाखाना दूर असणे, मुलांच्या शिक्षणाची आबाळ आणि वन्यप्राण्यांचे भय यांतून सुटका व्हावी अशी त्यांची इच्छा असते. परंतु संमतीपत्रावर सही झाली म्हणजे काम संपले, असे नाही. मेळघाटातून बाहेर आणलेल्या काही गावांतील रहिवासी जमीन, आरोग्य व रोजगार यांबाबतच्या तक्रारींमुळे पुन्हा वनात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. नव्या गावठाणात विहिरीला पाणी आहे काय, मिळालेली जमीन कसण्याजोगी आहे काय, शिधापत्रिका व शाळेचा दाखला नव्या पत्त्यावर झाला काय, या साध्या प्रश्नांवर पुनर्वसनाचे यश अवलंबून असते. एकदम हाती आलेली रक्कम सांभाळण्याचे मार्गदर्शन मिळाले नाही, तर ती लवकर संपते आणि कालचा शेतकरी उद्याचा मजूर होतो.

कायद्याने ग्रामसभेला काय दिले?

या संदर्भात पंचायत सदस्यांनी पुढील तरतुदी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, बफर क्षेत्राविषयी. बफरमध्ये समावेश झाला म्हणजे शेती, घरबांधणी व रस्ते बंद होतात, अशी भीती अनेक गावांत असते. वन्यजीव कायद्यानुसार बफर क्षेत्र ठरविताना संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करावयाचा असतो आणि तेथील लोकांचे उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक व सांस्कृतिक हक्क मान्य करावयाचे असतात. खाजगी शेतजमिनीची मालकी बफरमुळे जात नाही.

दुसरी, वनहक्कांविषयी. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांनाही लागू आहे. त्यात गौण वनोपज, चराई आणि पशुपालक समाजांचा वनाचा हंगामी वापर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. विदर्भातील गावांना याबाबतीत एक सोय आहे. मालगुजारीच्या काळापासून चालत आलेल्या निस्तार हक्कांच्या नोंदी ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदांत सापडतात. गुरे कोठे चरत, सरपण कोठून येई, पाणवठा कोणता, याचा उल्लेख त्यांत असतो. हे कागद महसूल कार्यालयातून मिळविता येतात. वयोवृद्धांचे कथनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते.

तिसरी, सल्लागार समितीविषयी. अभयारण्याच्या व्यवस्थापनासाठी सल्लागार समिती नेमण्याची तरतूद असून तीत पंचायत राज संस्थांच्या तीन प्रतिनिधींना स्थान आहे. आपल्या भागाचा प्रतिनिधी कोण आणि बैठकीत कोणते विषय झाले, हे गावाला ठाऊक असले पाहिजे.

चौथी, नुकसानभरपाईविषयी. जनावर मारले गेल्यास ४८ तासांच्या आत आणि पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वन विभागास कळवावे, असा नियम आहे. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. रास्त असलेले कित्येक दावे केवळ उशिरामुळे फेटाळले जातात. गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने किंवा तरुणीने अर्ज लिहून देण्याची जबाबदारी स्वीकारली, तर पुष्कळ शेतकऱ्यांचे नुकसान टळेल.

पाचवी, विकास योजनेविषयी. राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधील गावांना स्वयंपाकाचा गॅस, कुंपण, जलसंधारण व रोजगार प्रशिक्षण यांसाठी साहाय्य देण्याची व्यवस्था करण्यात आली. गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीने केलेला आराखडा हा या योजनेचा पाया होय. आराखडा कार्यालयात बसून तयार झाला, तर ज्या स्त्रिया मोळी आणतात आणि जे जागल करतात, त्यांच्या गरजा त्यात येत नाहीत.

हक्कांबरोबर जबाबदारीही येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि बांबूच्या व्यवस्थापनाचे नियम गावाने स्वतः केले. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने हक्काने मिळालेल्या उजाड वनजमिनीवर पुन्हा झाडी उभी केली. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील आगरझरी येथे स्थानिक तरुण पर्यटकांना वन दाखवितात आणि फुलपाखरू उद्यान सांभाळतात. वन आपले आहे, असे ज्या गावाला वाटते, ते गाव वणवा लागल्यावर वनरक्षकाची वाट पाहत नाही, असाच या ठिकाणांचा अनुभव आहे.

शाळा आणि शहरालगतची गावे

वनालगतच्या शाळेतील शिक्षकाला या कामी मोठे स्थान आहे. गावाच्या नकाशावर पाणवठे, चराईची राने आणि प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा विद्यार्थ्यांकडून दाखवून घेता येतील. क्षेत्रफळ व परिमिती यांचे वर दिलेले गणित सातवीच्या वर्गातही सोडविता येईल. पहाटे व संध्याकाळी एकट्याने झुडपात न जाणे, वाकून काम करताना सोबत असणे, मेलेल्या जनावराजवळ गर्दी न करणे, या साध्या सवयी मुलांमार्फत घरोघर पोहोचतात.

सिंदी मेघेसारख्या शहरालगतच्या गावांनाही यातून वेगळे राहता येणार नाही. वनांनी पावसाचे पाणी अडविले आणि गाळ रोखला म्हणूनच धरणांचे आयुष्य वाढते आणि खालच्या मुलखात पाणी पोहोचते. सीमेवरच्या गावाने कुऱ्हाड आवरली, गुरे मागे घेतली आणि रात्री जागून काढल्या, याचा उपयोग शहरालाही होतो. त्याची परतफेड अनेक मार्गांनी करता येईल. बोरला जाणाऱ्याने स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि तेथील घरगुती भोजनालयात जेवावे. गवळाऊ गाईच्या दुधातुपाला तिच्या पालकांना परवडेल असा भाव द्यावा. वन्यप्राण्यांच्या मार्गावरील रस्त्याने रात्री वाहन सावकाश न्यावे. शिक्षकांनी सहल नेताना वाघ दिसला की नाही, एवढेच न विचारता सीमेवरील एखाद्या शेतकऱ्याशी विद्यार्थ्यांची भेट घडवावी.

अभयारण्य राखावयाचे की माणूस जगवायचा, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. बोरच्या परिसरात दोघेही एकाच पाण्यावर आणि एकाच मातीवर जगतात. वाघाला लागणारे वन आणि शेतकऱ्याला लागणारी निर्धास्त रात्र यांपैकी एकाचीच निवड करावी, असे कायदा सांगत नाही. भरपाई वेळेवर मिळावी, हक्कांची नोंद व्हावी, संमती खरी असावी आणि वनापासून होणाऱ्या लाभाचा वाटा सीमेवरील गावाला प्रथम पोहोचावा, एवढे कायद्याला अभिप्रेत आहे. ते प्रत्यक्षात उतरविण्याचे काम कागदावरून ग्रामसभेत आणि ग्रामसभेतून शिवारात नेणे, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. हरभऱ्याच्या शेतात जागलीला बसलेला शेतकरी ज्या दिवशी निश्चिंतपणे घरी झोपू शकेल, त्या दिवशी बोरचा वाघही अधिक सुरक्षित असेल.